चेहरा ओळखणारं हजेरी यंत्र: कारखान्यासाठी घ्यावं का?

यंत्र म्हणून चांगलं आहे. कूलंट, सिमेंट, ग्रीसमध्ये हात घालणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात. अंगठ्याच्या यंत्रापुढे त्यांना चार-चार वेळा बोट दाबत उभं राहावं लागतं. इथे तो त्रास नाही. फक्त कॅमेऱ्याचं तोंड उघड्या दाराकडे नको. मागून ऊन आलं की चेहरा काळा पडतो आणि नोंद होत नाही.

तक्रारी सुरू होतात त्या सेटिंगमुळे. एका माणसाला 3 सेकंद धरले तरी 200 जणांना 10 मिनिटं लागतात, म्हणजे उशिरासाठी दिलेली 10 मिनिटांची सवलत रांगेतच संपते. गेटवर वेळेत आलेला माणूस लेट ठरतो. पाळी बदलताना निदान दोन यंत्रं हवीतच. रात्रपाळीची वेळ नीट भरली नाही, तर सकाळचा आउट पंच, म्हणजे सुटतानाची नोंद, दुसऱ्या तारखेला जातो आणि रात्रभर राबलेला कामगार गैरहजर दिसतो.

मग येतो मिस पंच, म्हणजे राहून गेलेली नोंद, दुरुस्त करण्याचा अधिकार, आणि खरी परीक्षा इथेच आहे. बऱ्याच ठिकाणी तो एकट्या सुपरवायझरकडे असतो. त्याच्या मर्जीतल्यांची दुरुस्ती त्याच दिवशी होते, बाकीच्यांची पगाराच्या तारखेपर्यंत लटकते. अशा खात्यात यंत्र कितीही अचूक असो, कामगार त्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. ऑफिस स्टाफला पंचातून सूट असेल तर बोलायलाच नको. उलट, जिथे मॅनेजरही त्याच रांगेत उभा राहतो, तिथे लेट मार्क फारशी कुरकुर न होता स्वीकारला जातो.

'तीन लेट म्हणजे अर्धा दिवस' हा नियम सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतो. तो डोळे मिटून चालू करू नका. गैरहजेरीच्या वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त पगार कापता येत नाही, असं वेतन कायदाच सांगतो.

विकत घेण्याआधी डेमोत एकच गोष्ट करून बघा: एक पंच हाताने बदला आणि कोणी, कधी, कोणत्या कारणाने बदलला याचा रिपोर्ट मागा. तो निघत नसेल, किंवा अॅडमिनला पुसता येत असेल, तर घेऊ नका. निघत असेल तर दुरुस्तीला 48 तासांची मुदत आणि दोघांची मंजुरी लावा. महिन्याची नोंद पगाराच्या तीन दिवस आधी प्रत्येकाच्या मोबाइलवर गेली पाहिजे.