विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील: अपघाताच्या मोठ्या क्लेमसाठी कितपत उपयोगी?

मणका मोडून कमरेखालचं अंग लुळं पडलं, किंवा मेंदूला मार लागून माणूस अंथरुणाला खिळला, तर घरच्यांनी खाजगी वकील गाठण्याआधी आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. इथे वकिलाची फी नाही, कोर्ट फीचा भार नाही. दिव्यांगांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अटही नाही. चौकशीसाठी हेल्पलाइन १५१००. बाहेर कुणी ‘टक्केवारीवर केस घेतो’ म्हणालं तर सरळ उठून या. तशी फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे.

उणी बाजू एकच, पण मोठी. पॅनेलवरच्या प्रत्येक वकिलाचा हात मोटार अपघाताच्या दाव्यांत बसलेला असतोच असं नाही. म्हणून अर्जातच ‘अपघात दाव्यांचा अनुभव असलेला वकील द्यावा’ असं लिहा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा टाकायला कायद्यात अपघातापासून ६ महिने दिलेत, आणि त्यातले बरेचसे गोमेकॉतच (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातच) जातात. दिव्यांगत्वाचा दाखला यायची वाट बघत बसू नका, तो मागाहून जोडता येतो. पेडण्याच्या माणसाला पत्रादेवीच्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात बांद्याजवळ गाडीने उडवलं तरी दावा गोव्यात चालतो, कारण जखमी राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. एफआयआर आणि पंचनाम्याच्या प्रती मात्र तिकडच्या पोलीस ठाण्यातून आणाव्या लागतील.

खरी गफलत रकमेच्या हिशेबात होते. समजा, २८ वर्षांचा टॅक्सीचालक, महिन्याची कमाई १८,००० रुपये, दाखल्यावर ६० टक्के दिव्यांगत्व. नुसते टक्के धरले तर १८,००० × १२ × १७ (हा वयानुसार ठरणारा गुणक) च्या ६० टक्के, म्हणजे २२,०३,२०० रुपये. पण पाय गेलेला माणूस टॅक्सी कशी चालवणार? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शरीराचे टक्के नव्हे, कमावण्याची ताकद किती गेली ते बघायचं. ती पूर्ण गेली असं धरून, चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाची भावी वाढ ४० टक्के मिळवली की २५,२०० × १२ × १७, म्हणजे ५१,४०,८०० रुपये होतात. त्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते. दाखला नुसता फाइलला लावून हे सिद्ध होत नाही.

दुसरी रक्कम सांभाळणाऱ्या माणसाची. दर दोन तासांनी कूस बदलणं, कॅथेटर, बेडसोरचं ड्रेसिंग: हे सगळं आई किंवा बायको करते, म्हणून कुणी मागतच नाही. मागा. काजल विरुद्ध जगदीशचंद या २०२० च्या निकालात बारा वर्षांच्या मुलीसाठी दोन मदतनिसांचा खर्च याच गुणक पद्धतीने धरून २१,६०,००० रुपये दिले होते. डायपर, पाण्याची गादी, फिजिओथेरपी यांची बिलं तारखेनुसार लावा. फार्मसीच्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते आणि पैसे हातात येतात. लहान दुखापतीला ते ठीक. इथे मात्र पुढची शस्त्रक्रिया, व्हीलचेअर आणि मदतनीस यांचा आकडा कागदावर आल्याशिवाय सही करू नका, आणि वकील घाई करत असेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज देऊन दुसरा मागा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.