हिस्टोग्राम, आर्कसिंच की जीएचएस: स्ट्रेचसाठी काय निवडावं?

रात्रीच्या आकाशाचे अनेक फोटो एकत्र करून (स्टॅक करून) बनलेली फाइल पहिल्यांदा उघडली की पडद्यावर जवळजवळ काळोखच दिसतो, ठळक तारे तेवढे चमकतात. माहिती सगळी असते, पण हिस्टोग्रामच्या, म्हणजे कोणत्या तेजाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाच्या, डाव्या टोकाला गोळा झालेली. ती वर आणताना, म्हणजे स्ट्रेच करताना, उजेड आणि तपशील दोन्ही साधतात किंवा दोन्ही हातचे जातात. सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पुढचे तिन्ही पर्याय आहेत, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो तुम्ही कशाचा फोटो काढलाय याचा.

हिस्टोग्रामची पद्धत सगळ्यात सोपी. मिडटोनचा (मधल्या तेजाचा) स्लायडर डावीकडे सरकवला की अंधुक भाग उजळतो. पण त्याच वेळी वरचा, तेजस्वी भाग दाबला जातो: तारे फुगतात, गाभा पांढरा पडतो. नॉर्थ अमेरिकासारख्या पसरट तेजोमेघाला ही पद्धत पुरते. आपोआप स्ट्रेच करणारं ऑटोस्ट्रेचचं बटण मात्र फक्त बघण्यापुरतं वापरा. ते पार्श्वभूमी साधारण 0.25 पर्यंत (0 म्हणजे काळा, 1 म्हणजे पांढरा) उचलतं, आणि अंतिम फोटोत तेवढं उजळ आकाश राखाडी आणि खरखरीत दिसतं.

आर्कसिंच (asinh या गणिती फलनावर आधारलेला स्ट्रेच) लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलला प्रत्येक पिक्सेलवर एकाच पटीने गुणतो, म्हणून ताऱ्यांचे रंग टिकतात. ययाती तारकासमूहातल्या जोडगुच्छासारख्या विषयाला, जिथे निळसर ताऱ्यांत मोजके लालसर तारे उठून दिसायला हवेत, तिथे मी दुसरं काही वापरणार नाही. अंधुक तेजोमेघात मात्र तो तोकडा पडतो.

जीएचएस (जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच) शिकायला वेळ लागतो, पण मृगातल्या एम 42 या तेजोमेघासाठी तो वेळ द्यावाच. कॉन्ट्रास्ट नेमका कोणत्या तेजावर वाढवायचा हे इथे एसपी या आकड्याने तुम्ही ठरवता. फोटोत अंधुक पंखांवर छोटी चौकट आखून तिथलं तेज एसपी म्हणून घ्या, डी (स्ट्रेचचा जोर) हळूहळू वाढवा आणि एचपी (उजळ भाग जपणारा आकडा) खाली आणून ट्रॅपेझियमचा, म्हणजे गाभ्यातल्या ताऱ्यांच्या गटाचा, परिसर सांभाळा. मग एसपी थोडा वर नेऊन दुसरा, हलका हात फिरवा. एका दमात मोठा स्ट्रेच करण्यापेक्षा असे दोन-तीन छोटे केव्हाही चांगले. गाभा मूळ सबफ्रेममध्येच (स्टॅक करण्याआधीच्या एकेका फोटोत) सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण पांढरा, झाला असेल तर कोणताच स्ट्रेच तो परत आणत नाही. त्यासाठी कमी एक्स्पोजरच्या फ्रेम वेगळ्या घेऊन जोडाव्या लागतात.

ब्लॅक पॉइंटच्या (ज्या तेजाखालचं सगळं पूर्ण काळं होतं त्याच्या) बाबतीत तिन्हीकडे एकच काळजी: स्लायडर सरकवताना किती पिक्सेल कापले जाताहेत त्याकडे लक्ष ठेवा. आकाश काळंकुट्ट करण्याच्या नादात सगळ्यात आधी धुळीचे पट्टे जातात.

तपशिलाबद्दल थोडक्यात: डीकॉन्व्होल्यूशन (पसरलेला तपशील गणिताने पुन्हा रेखीव करणं) स्ट्रेचच्या आधी, कारण ताऱ्याच्या पसरटपणाचं गणित लिनियर, म्हणजे स्ट्रेच न केलेल्या, डेटावरच बरोबर बसतं. लोकल कॉन्ट्रास्ट (लगतच्या भागांतला उजेडाचा फरक) नंतर वाढवा, आणि तोही मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) फक्त उजळ भागावर. नाहीतर पार्श्वभूमीतल्या नॉइजलाच धार चढते.

देवयानी दीर्घिकेसारखा, गाभा प्रखर आणि कडा अंधुक असा विषय असेल तर एकच पर्याय निवडायचा हट्ट सोडा. स्टारनेट या प्रोग्रॅमने तारे वेगळे काढा, ताऱ्यांना आर्कसिंच द्या, दीर्घिकेला जीएचएस, आणि शेवटी दोन्ही थर जोडताना ताऱ्यांचा थर जरा मंदच ठेवा.