चूल, सिलिंडर की इंडक्शन? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या घराचा हिशेब

घरात वीज आहे, गॅसची जोडणी आहे, तरी मागीलदारी चूल पेटतेच. जोडणी मिळाली म्हणजे रोजचे जळण परवडले असे नाही. हाताशी मोजके पैसे असतील तर भर कशावर द्यावा?

सिलिंडरची खरी अडचण एकरकमी पैशांची. 2016 च्या उज्ज्वला योजनेने जोडणीचा भार उचलला, पुढे सिलिंडरमागे 300 रुपये अनुदानही आले. पण आधी पूर्ण पैसे मोजायचे, अनुदान मागाहून खात्यात. रोजंदारीच्या घराला नेमके हेच जड जाते. उज्ज्वलाचे लाभार्थी असाल तर 14.2 किलोऐवजी 5 किलोचा सिलिंडर मागा; एका वेळी कमी पैसे लागतात.

इंडक्शनवर मोठ्या सिलिंडरचे काम साधारण 120 ते 140 युनिटांत होते. या आकड्याला आपल्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा. पहिल्या टप्प्याचा दर धरू नका, कारण ही युनिटे पंखा-फ्रीजच्या वापरावर चढतात. पैसे मात्र महिनाअखेरीस बिलातून जातात, ही मोठी सोय. अॅल्युमिनियमचा टोप आणि मातीचे मडके त्यावर चालत नाही, भाकरी फुगवायला ज्योत लागतेच. आणि पावसात तारेवर झाड पडले की जेवण अडकले!

चुलीला नारळाची सोडणे (वाळकी साले), चुडते (झावळ्या), काजूची लाकडे फुकट, असे म्हणणारा सहसा ती गोळा करणारा नसतो. मिर्गाच्या पावसाआधी भरून ठेवली नाहीत तर ओली धुमसतात आणि धूर बाईच्या छातीत जातो. बाहेरच्या न्हाणीत पाणी तापवायला चूल ठीक; स्वयंपाकघरात नको.

छपरावरच्या सौर पॅनेलला 2024 च्या सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30,000, तर 3 किलोवॉटपासून पुढे 78,000 रुपये अनुदान आहे. पण छप्पर आपले हवे. भाड्याच्या खोलीतले कुटुंब इथेच बाहेर पडते. मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, गोव्यात 1975 च्या कायद्याने संरक्षण दिले, तरी घराखालची जागा नावावर नसेल तर कागदपत्रांपाशी गाडी अडते. सर्वांत गरजू घर आणि सर्वांत मोठे अनुदान यांची गाठ पडत नाही, हे माझ्या मते धोरणाचे खरे अपयश. किती जोडण्या दिल्या हे मोजतात. वर्षात किती सिलिंडर भरून घेतले, हे विचारायला हवे.

माझा कौल: रोजच्या स्वयंपाकाला गॅस, आणि वायरिंग धड असेल तर उकड्या तांदळाची पेज व चहा इंडक्शनवर. उकडा शिजायला वेळ घेतो, सिलिंडर तिथेच संपतो. इंडक्शन शेगडी घेण्याआधी वायरमनकडून विजेचा मंजूर भार आणि 16 अँपिअरचा सॉकेट तपासून घ्या.