47 नंबरचा दगड

31 वर्षं मी साइट सुपरवायझर होतो. काँक्रीटचे क्यूब 7 आणि 28 दिवसांनी फोडून बघितल्याशिवाय कंत्राटदाराच्या बिलावर कधी सही केली नाही. आणि साडेनऊ लाखांचा प्लॉट मी सातबारा न बघता घेतला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘तुम्ही तर याच लाइनमधले, तुम्ही कसे फसलात’ असं विचारायचे कष्ट कुणाला नकोत.

12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते न्हावाशेवा, जवळजवळ 22 किलोमीटर. आयुष्य बांधकामात गेलेल्या माणसाला तो पूल बघून भरून येतं. महिन्याभरात व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली : पेण तालुक्यात एनए (म्हणजे बिगरशेती) प्लॉट, नव्या विमानतळापासून 20 मिनिटं, गुंठा पावणेपाच लाख. रविवारी मोफत साइट व्हिजिट, जेवणासकट.

डोंबिवलीहून बस निघाली. सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या, मध्ये मिसळ झाली. पेणला बायकोने पोह्याचे पापड घेतले. त्या दिवसातला तेवढाच व्यवहार चोख झाला.

साइटवर सपाट जमीन, चुन्याच्या फक्कीने आखलेले चौकोन आणि कोपऱ्याकोपऱ्यात रंगवलेले दगड. असे सव्वाशेक प्लॉट. आम्हाला दाखवला तो 47 नंबर. रस्ता म्हणून नुसता मुरूम पसरलेला, खाली दगडांचं सोलिंग नाही, वरून रोलर फिरलेला नाही. मला राहवेना. प्लॉट दाखवणाऱ्या पोराला तिथल्या तिथे सोलिंग कसं करायचं ते समजावलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “काका, तुमच्यासारखाच माणूस आम्ही शोधत होतो. ताबा झाला की साइट तुम्हीच बघा.” झालं! त्या क्षणापासून मी गिऱ्हाईक राहिलो नाही, त्यांचा माणूस झालो. आपल्या माणसाकडे कागद कोण मागतो?

बायकोने चपलेच्या टोकाने माती उकरली. खाली पांढुरका थर दिसला. “अहो, हे मीठ आहे का?” मी म्हटलं, फक्की सांडली असेल. पेणची खाडी, खारजमीन, भरतीचं पाणी अडवणारे बांध हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तसं म्हणालो.

घरी आल्यावर जरा घुटमळलो होतो. तेवढ्यात त्या पोराने कात्रण पाठवलं : उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या 124 गावांत ‘तिसरी मुंबई’ हे नवं शहर, मार्चच्या सुरुवातीला सरकारची अधिसूचना. बातमी खरी होती. विरार-अलिबाग रस्त्याचा कॉरिडॉर खरा होता, सेतू खरा होता. विमानतळाचं काम तेव्हा जोरात चालू होतं आणि 2025 च्या डिसेंबरात तिथून विमानंही उडाली. त्याने सांगितलेल्या दहापैकी नऊ गोष्टी मी पेपरात ताडून बघितल्या, नऊच्या नऊ बरोबर निघाल्या. दहावी म्हणजे प्लॉट, आणि तो पेपरात कसा सापडणार?

“पाडव्यानंतर गुंठ्याला लाखभर वाढणार,” असं म्हटल्यावर टोकन 51 हजार दिले. मग 3 लाख 49 हजारांचा चेक, आणि बायकोची एफडी मोडून साडेपाच लाख रोख. रोखीची पावती मागितली तर म्हणाला, “काका, व्हाइटमध्ये दाखवलं तर स्टॅम्प ड्युटी तुम्हालाच पडेल.” शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी झाली. नोटरीचा तो लाल शिक्का मला रजिस्ट्रेशनसारखा वाटला, यापेक्षा जास्त लाज कशाची वाटावी ते मला माहीत नाही. जाहिरातीत महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर का नाही, हे मात्र विचारलं होतं. “तो फ्लॅटला लागतो, प्लॉटला नाही.” साफ खोटं. 500 चौरस मीटरच्या वरची जमीन असेल आणि 8 च्या वर प्लॉट पाडले असतील, तर नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही.

मेमध्ये ताबा मिळणार होता. जुलैत एकटाच गेलो. सगळीकडे घोटाभर पाणी, आणि एक जण चिखलात वाकून भाताची लावणी करत होता. फक्की वाहून गेलेली. 47 चा दगड बांधावर उलटा पडला होता. मी नंबर सांगितल्यावर तो माणूस हसला नाही, एवढे त्याचे उपकार. या नंबरची चौकशी करत माझ्याआधी दोघं येऊन गेले होते.

भाच्याने मोबाइलवर डिजिटल सातबारा काढला. 15 रुपये लागले. जमीन शेतीची, भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकताच येत नाही. खातेदार चौदा, आणि त्यातल्या एकाच भावाच्या कुलमुखत्यारपत्रावर हा सगळा बाजार. शिवाय मी शेतकरी नाही. वडील गिरणीत होते, माझ्या नावावर कुठेही सातबारा नाही. म्हणजे शेतजमीन मला कायद्याने घेताच येत नव्हती. “कॉरिडॉरमध्ये गेली तर चौपट मोबदला” असंही तो सांगायचा. मोबदला ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला मिळतो, नोटरीच्या कागदावर नाव असलेल्याला नाही.

पैसे मागितल्यावर ऑगस्टमध्ये त्याने 4 लाखांचा चेक दिला. तो परत आला. “काका, नोटीस नको, सोमवारी आरटीजीएस करतो.” असे चार सोमवार गेले. चेक न वटल्याची केस करायची तर बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते हे त्याला पक्कं माहीत होतं, मला नव्हतं. चेक पुन्हा भरायचीही सोय होती, पण त्याच्या गोड बोलण्यात तीन महिन्यांची मुदतही उलटली. शेवटी पोलिसांत तक्रार दिली. तिथे पहिला प्रश्न आला, “रोखीचा पुरावा काय?” माझ्याकडे होती ती फक्त पिवळी टोपी.

त्याचा नंबर मी मुद्दाम ब्लॉक केलेला नाही. परवा त्याचं स्टेटस बघितलं : पालघर, वाढवण बंदराजवळ एनए प्लॉट, रविवारी मोफत साइट व्हिजिट. खाली फोटो. बसपाशी वीस-पंचवीस माणसं उभी आहेत, पुढे एक म्हातारा हात लांब करून त्या पोराला रस्त्याकडे काहीतरी दाखवतोय. टोप्या या वेळी निळ्या आहेत.