पीटीओ क्लचचं काम: कवलापूरजवळच्या ट्रॅक्टर गॅरेजचा अनुभव

सावळजला आमची द्राक्षबाग आहे आणि बागेतला 27 एचपीचा छोटा ट्रॅक्टर मीच चालवते. गाडी जुनी आहे, पण अरुंद ओळीत सहज वळते, म्हणून विकायचा विचार कधी केला नाही. गेल्या वर्षी फळछाटणीनंतर पाऊस लांबला, डाऊनी रोगाची टांगती तलवार डोक्यावर, आणि नेमका तेव्हाच ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारा फवारणीचा पंखा, दमायला लागला. इंजिन जोरात, पण फॅनचा आवाज मध्येच बसायचा. मांडवावरच्या पानांपर्यंत फवारा पोचेना. वर क्लचचं लायनिंग जळाल्याचा वास.

आदल्याच हंगामात दुसऱ्या एका गॅरेजमधून पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या ज्या फिरत्या शाफ्टवर ब्लोअर चालतो त्याची, क्लच प्लेट बदलून घेतली होती. तिथं परत विचारलं तर, ‘प्लेट डुप्लिकेट निघाली असेल, दुसरी टाकू,’ एवढंच उत्तर. पटलं नाही. मग सांगली-तासगाव रस्त्याला कवलापूरच्या अलीकडे जे पत्र्याचं गॅरेज आहे, तिथं ट्रॅक्टर नेला. बोर्ड नाही, पण बागायतदारांना ते ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. डबल क्लचला एकाच हाऊसिंगमध्ये दोन प्लेटा असतात, एक चाकांची, एक पीटीओची. पेडल अर्धं दाबलं की चाकं सुटतात, पूर्ण दाबलं की पीटीओ थांबतो. त्यामुळे गाडी चढाला व्यवस्थित ओढते म्हणजे क्लच चांगला, असं धरून चालता येत नाही. आमची गाडी ओढतच होती.

मिस्त्रींनी पान्याला हात लावायच्या आधी पीटीओ शाफ्टला चमकपट्टी चिकटवली आणि फेरे मोजायचा टॅकोमीटर धरला. माझ्या मुलाच्या गळ्यात टॉवेल होता, तो आधी काढायला लावला. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं गार्ड आम्ही घरीच काढून ठेवलेलं. गॅरेजमधलं दुसरं बसवल्याशिवाय त्यांनी शाफ्ट फिरवला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना मनापासून मानते. ब्लोअर न जोडता मिनिटाला 540 फेरे बरोबर आले. ब्लोअर जोडून फॅन लावला तर आकडा 430 च्या आसपास घसरला, इंजिनचे फेरे मात्र होते तिथंच.

मग ट्रॅक्टर मधून फोडला. क्लच हाऊसिंगच्या तळाला काळं तेल साचलेलं होतं. मिस्त्रींनी ते बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला आणि म्हणाले, “ताई, हे गिअरचं न्हाई, इंजिनचं हाय. क्रँकचं मागचं सील गेलंय. प्लेट कितीबी भारी घाला, तेल पिऊन घसरणारच.” खालचं भोक चिखलानं बुजलेलं, म्हणून तेल बाहेर ठिबकलं नाही आणि आम्हाला पत्ता लागला नाही. त्यांनी मला वाकून ते भोक दाखवलं आणि तारेनं मोकळं केलं. आता महिन्यातून एकदा मी स्वतः तिथं तार घालते.

तेल प्यालेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवायला त्यांनी साफ नकार दिला. तापली की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही प्लेटा, सील, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं (इंजिनच्या मागचं जड चाक) छोटं बेअरिंग नवीन घेतलं. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, ते कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर फेसिंग करून आणलं. नवी प्लेट शाफ्टच्या खाचांवर हातानं सरकवून बघितली, मगच आत घातली. सगळ्यात जास्त वेळ गेला तो फिंगरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या दांड्यांच्या, सेटिंगला. तिन्ही फिंगर एका उंचीला येईपर्यंत ते परत परत मोजत होते, आणि पीटीओच्या बोल्टांची फट फीलर गेजची पातळ पट्टी घालून धरत होते. चहा आला तरी उठले नाहीत.

परत बांधल्यावर ब्लोअरसकट मोजलं तर 540 ला काटा टेकला. पुढच्या सगळ्या फवारण्या पार पडल्या, एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्याही. आवाज बसत नाही, वास येत नाही.

मजुरी 4,500 रुपये घेतली, लेथचं वेगळं. स्वस्त नाही, पण गाडी दोन तुकड्यांत करून परत जोडायचं काम आहे, मला ती रास्त वाटली. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. पार्ट ते स्वतः ठेवत नाहीत, चिठ्ठी लिहून देतात आणि सांगलीतून आपण आणायचे. दुकानाचं बिल आपल्या नावावर होतं हे बरं, पण धावपळ आपली. दिलेल्या वेळेला गाडी मिळाली नाही. फ्लायव्हील लेथवर अडकलं आणि फोन करून कुणी कळवलं नाही. फवारणीच्या दिवसांत असं ताटकळणं परवडत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

काम करून घ्यायचं असेल तर छाटणी तोंडावर यायच्या आधी जा, सप्टेंबरात तिथं रांग असते. ब्लोअर जोडून आणि टाकीत पाणी भरूनच न्या, कारण लोडवर मोजल्याशिवाय ते गाडी सोडत नाहीत.