रत्नागिरीतला रॉक अँड रोल लाइन डान्सचा वर्ग: गणित पक्कं, फरशी कच्ची

मारुती मंदिराच्या बाजूला संध्याकाळी तासभर चालणाऱ्या या वर्गात लाइन डान्स, म्हणजे रांगांत उभं राहून सगळ्यांनी एकच पावलं टाकायचा नाच, गाण्याच्या मापाने बेतलेला असतो, आणि तिथेच तो इतरांच्या पुढे जातो. एरवी ३२ काउंटचा, म्हणजे ३२ ठोक्यांचा, तयार नाच उचलून कुठल्याही गाण्यावर चढवतात. जुनं रॉक अँड रोल बरंचसं ब्लूज संगीताच्या १२ बारच्या (तालाच्या १२ घरांच्या) साच्यावर बांधलेलं. बारला ४ ठोके, म्हणजे कडवं ४८ ठोक्यांचं. त्यात ३२चा नाच दीड वेळा होतो, आणि दुसरं कडवं सुरू होताना पाय नाचाच्या मध्यावर असतात. दोन कडव्यांत तीन फेऱ्या झाल्या की ९६ला मेळ बसतो, पण तोवर अर्धी रांग चुकलेली असते.

इथे 'रॉक अराउंड द क्लॉक'वर (बिल हेली, १९५४) सरळ ४८ काउंटच बसवलेत. सुरुवातीचे, घड्याळाचे तास मोजणारे ८ बार उभ्यानेच मोजायचे, कडव्याला उजवा पाय. 'जेलहाउस रॉक'चं कडवं १६ बारचं, म्हणून त्याला वेगळा ६४चा नाच. एवढा विचार कोण करतं हो!

शिकवणाऱ्या ताई वजनावर नजर ठेवतात, तेही योग्यच. व्हाइन म्हणजे बाजूला, मागून, बाजूला, टच. टचला पायाची फक्त बोटं टेकवायची. तिथे अंगाचा भार पडला की पुढे तोच पाय उचलायचा असतो आणि माणूस अडकतो. शफलला दोन ठोक्यांत तीन पावलं. ठोके मिनिटाला १७०च्या पुढे, म्हणजे हे सगळं पाऊण सेकंदाच्या आत. पाऊल वीतभरच हवं. कोस्टर स्टेपमध्ये मागे, जोड, पुढे यातलं 'पुढे' लांब पडतं आणि पुढच्याच्या टाचेवर पाय येतो. जाखडीत पाय तयार झालेल्यांना ताल लगेच सापडतो, पण त्यांची रांग हळूहळू गोल व्हायला लागते.

आता तक्रारी. नाच दर फेरीला ९० अंश वळतो, म्हणजे तिसऱ्या फेरीला सगळ्यांची पाठ आरशाकडे. जाणती मंडळी पुढच्या रांगेत आणि नवखे मागे, त्यामुळे तेव्हा नवखेच पुढे येतात आणि बघायला कोणी उरत नाही. चारही कोपऱ्यांत एकेक जाणता उभा करा, प्रश्न मिटला.

हॉलची फरशी गुळगुळीत टाइल्सची. पावसाळ्यात तिच्यावर दमटपणाचा थर येतो आणि वळताना पाय सटकतो. म्हणून रबरी तळव्याचे बूट घालावेत, तर कोरड्या दिवशी तेच फरशीला चिकटतात; पाय जागीच राहतो, अंग वळतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. पावडर तर मुळीच टाकू नये. झिजलेल्या तळव्याचे कॅनव्हासचे बूट सगळ्यांत बरे, फक्त पिशवीतून न्यावेत, नाहीतर लाल चिखल आत येतो.

गाणं पाऊणपट वेगाने लावून सराव घेतात, पण पूर्ण वेगावर फार लवकर नेतात. दुखऱ्या गुडघ्यांसाठी पर्यायही सांगत नाहीत. तो सोपा आहे: लागोपाठच्या दोन अर्ध्या पिव्हटऐवजी (उजवा पुढे टाकून जागीच अर्धं वळण्याऐवजी) रॉकिंग चेअर करा. उजवा पुढे, भार डाव्यावर, उजवा मागे, भार पुन्हा डाव्यावर. काउंट तेच ४, तोंड त्याच दिशेला, आणि पुढच्या पावलाला उजवा पाय मोकळा.