फिरकी की खटका : सॅकमधला ट्रायपॉड निवडताना

दीड किलोच्या आसपास वजन, घडी घातल्यावर ४० सेंटिमीटर लांबी. एवढं ठरलं की पुढे दोन घराणी उरतात. एक कार्बन फायबरचं : एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या पाच टप्प्यांचे बारीक पाय आणि फिरवून आवळायच्या कड्या, म्हणजे ट्विस्ट लॉक. दुसरं ॲल्युमिनियमचं : चार टप्पे आणि खटक्याचे फ्लिप लॉक. कार्बनला खटका मिळतच नाही असं नाही. पीक डिझाइनच्या कार्बन ट्रायपॉडला खटकेच आहेत आणि मॅनफ्रोटोचा बीफ्री ॲडव्हान्स्ड दोन्ही प्रकारच्या लॉकमध्ये आलेला आहे. पण आपल्यासमोर सहसा येतात त्या जोड्या या अशा.

मी दोन्ही वापरलेत. कार्बनवाला सध्या भाच्याकडे आहे आणि तो त्याच्यावर खूश आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

वजनाचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. पीक डिझाइनचा ट्रायपॉड २०१९ मध्ये आला तेव्हा ॲल्युमिनियमचा ३५० डॉलरला होता आणि कार्बनचा ६०० डॉलरला. वजनात फरक तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. बीफ्रीच्या दोन प्रकारांतही साधारण अडीचशेचाच. सोलापूरच्या उन्हाळ्यात तीन लिटर पाणी पाठीवर घेऊन निघणाऱ्या माणसाला हा फरक म्हणजे एक पेला पाणी. कळसूबाईच्या शेवटच्या शिडीवर तोही जाणवतो म्हणणारे मित्र आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

त्यापेक्षा घडीची लांबी बघा. आपल्याकडून सह्याद्रीतला कुठलाही गड म्हटला की आधी रात्रीचा प्रवास आला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याण, तिथून माळशेजच्या एसटीने खुबी फाटा, मग हरिश्चंद्रगड. सॅकच्या बाहेर बांधलेला ट्रायपॉड या सगळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्याला लागतो आणि शिव्या आपण खातो. तो आत मावला पाहिजे. पाच टप्प्यांचा इथे दोन-चार बोटांनी जिंकतो, हे मान्य.

पण त्या पाचव्या टप्प्याची नळी असते करंगळीएवढी. कोकणकड्यावर वारा सुटला की मी ती बाहेर काढतच नसे. काढली नाही की उंची कमी, मग सेंटर कॉलम (कॅमेऱ्याखालचा मधला दांडा) वर घ्या, आणि कॉलम वर घेतला की पुन्हा थरथर. ट्रायपॉड वजनाने स्थिर राहावा म्हणून त्याच्या हुकाला सॅक अडकवायचा सल्ला सगळे देतात. पण सॅक जमिनीला टेकलेली नसेल तर तीच वाऱ्यावर झुलते आणि कॅमेराही झुलवते.

आता माझा निकाल जिने लावला ती कटकट. पाच टप्पे म्हणजे एका पायाला चार कड्या, तीन पायांच्या बारा. अंधारात, हेडटॉर्च बंद ठेवून (शेजारी कुणाचं तरी तीस सेकंदांचं एक्स्पोजर चालू असतं) कुठली कडी आवळली आणि कुठली राहिली, हे हाताला कळतच नाही. आवळलेली कडी आणि अर्धवट आवळलेली कडी, दोन्ही बोटांना सारख्याच लागतात. त्यात पाय उलटे दुमडायची पद्धत : घडी उलगडताना पाय वरच्या दिशेला असतात, उभा केल्यावर खाली, त्यामुळे फिरवायची दिशा मनगटाला उलटी वाटते. अर्धवट राहिलेली कडी लगेच दगाही देत नाही. कॅमेरा चढतो, फ्रेम ठरते, शटर उघडतं आणि मग तो पाय अगदी हळू खाली बसतो. पडद्यावर मोठं करून पाहावं तर तारे लांबट. तारे पृथ्वीच्या फिरण्यानेही ताणले जातात, म्हणून आधी संशय एक्स्पोजरवर जातो. खूण अशी की पाय सरकला असेल तर खालच्या कातळाची कडाही दुहेरी दिसते. तारे ठिपक्यांसारखे राहावेत म्हणून पाचशेला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागून एक्स्पोजरचे सेकंद काढतात; ते बरोबर असूनही हे होतं.

खटक्याला हा प्रश्नच नाही. पायावरून बोट फिरवायचं. खटका अंगाला चिकटलेला असेल तर बंद, बोटाला अडला तर उघडा. बंद होताना खट् आवाज येतो तो वेगळाच. पूर्ण ट्रायपॉड न बघता तपासून होतो.

ट्विस्ट लॉकवाले म्हणतात की घडी असताना सगळ्या कड्या एकाच मुठीत धरून अर्धा वेढा दिला की पाय मोकळा. खरं आहे, मीही तसंच करायचो. पण उघडण्याचं मला काही नाही, बंद करण्याचं आहे.

धुळीच्या बाबतीत दोघांनाही पूर्ण मार्क देता येत नाहीत. नान्नजच्या माळरानावर दिवाळीनंतर गेलात तर कुसळं मोज्यात शिरतात तशी लॉकमध्येही शिरतात. खटक्याच्या फटीत अडकलेलं कुसळ दिसतं आणि चिमटीने निघतं. कडीत गेलेली माती दिसत नाही, फक्त फिरवताना करकर ऐकू येते. मग घरी येऊन पाय सुटा करा, जुन्या टूथब्रशने आटे घासा, किंचित ग्रीस लावा. हे काम अवघड नाही, काहींना आवडतंही. कुडलला सीना-भीमेच्या संगमावरच्या गाळात उभं राहायचं असेल तर ट्रायपॉड कुठलाही असो, सगळ्यात खालचा टप्पा आधी बाहेर काढा, म्हणजे लॉक चिखलाच्या वर राहतो.

कार्बन निर्विवाद सरस कुठे, तर एप्रिल-मेमध्ये. दुपारी उन्हात ठेवलेला ॲल्युमिनियमचा पाय उचलवत नाही, कार्बनचा उचलता येतो. मी एका पायावर क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवली आणि तो विषय मिटवला. कार्बनमध्ये कंपनं लवकर विरतात असंही सांगतात. असेल. माझ्या फोटोंत मला तो फरक दिसला नाही, कदाचित लांब लेन्सवाल्यांना दिसत असेल.

खटक्याचेही दोष आहेतच. सॅकच्या जाळीत अडकतो, आणि कालांतराने स्क्रू ढिला पडून पकड सुटायला लागते. ॲलन कीने पाव आटा आवळला की काम होतं, पण ती की सोबत हवी. मी ती पायालाच रबरबँडने बांधून ठेवतो. आणि सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम टिपायला होम मैदानावर गेलात तर दोन्ही प्रकार सारखेच निरुपयोगी. पाय फाकवायला जागाच नसते, लोक अडखळतात. तिथे एखादी गच्ची गाठा.

तुमचं काम बहुतेक दिवसाउजेडी असेल, धबधबे, मंदिरं, सूर्यास्त, आणि खिसा परवानगी देत असेल, तर कार्बन घ्या, पस्तावणार नाही. रात्रीचं आकाश डोक्यात असेल तर मात्र मी खटक्याकडेच बोट दाखवीन, मग पाय कशाचेही असोत. दुकानात गेलात की काउंटरवर ट्रायपॉड उघडा, डोळे मिटा आणि दुकानदाराला एक लॉक गुपचूप सैल करायला सांगा. कुठला ते हाताने शोधा. दोन्ही प्रकारांवर करून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.